पॉल एर्लिख : औषधांना न जुमानणाऱ्या परजीवींचा वेध

रासायनिक उपचारपद्धतीचे जनक पॉल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी प्रशियातील स्ट्रेलेन येथे झाला. पेशी रंगवणारी रंगद्रव्ये रोगजंतूंचा नाशही करू शकतील, या विचारातून त्यांनी १८९१ मध्ये बर्लिनमध्ये हिवतापाच्या दोन रुग्णांना मिथिलीन ब्लू दिले. पुढे फ्रँकफुर्टच्या प्रयोगशाळेत ट्रिपॅनोसोम परजीवी औषधांना दाद देईनासे होतात आणि हा गुण पुढील पिढ्यांतही उतरतो, असे आढळले. म्हणूनच पहिला आघात जोरदार असावा, भिन्न औषधे एकत्र वापरावीत, असे त्यांनी सुचवले. १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी एर्लिख २० ऑगस्ट १९१५ रोजी निवर्तले. १९५० च्या दशकाअखेर थायलंड-कंबोडिया सीमेवर क्लोरोक्विन निष्प्रभ ठरू लागले. आज फाल्सिपेरम हिवतापावर संयुक्त औषधे दिली जातात, ती याच तत्त्वाने.