सुरवंटांच्या सहवासातील आयुष्य : मारिया सिबिला मेरियन

कीटक हे चिखलातून, शेणातून किंवा कुजक्या मांसातून आपोआप उत्पन्न होतात, ही समजूत सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात सर्रास प्रचलित होती. अळीचा कोष होतो आणि कोषातून पतंग बाहेर पडतो, हे रेशीम पिकवणाऱ्यांना अर्थातच ठाऊक होते. परंतु रानावनातील कोणत्या सुरवंटाचे कोणते फुलपाखरू होते, तो कोणत्या झाडाचा पाला खातो आणि किती वेळा कात टाकतो, याची नोंद फार थोड्यांनी केली होती. मारिया सिबिला मेरियन यांनी ती नोंद आयुष्यभर केली. तीही विद्यापीठाची पायरी न चढता.

त्यांचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे झाला. वडील मॅथ्यूस मेरियन हे नामवंत ताम्रपट-कोरक व प्रकाशक. मारिया अवघ्या तीन वर्षांच्या असताना ते निवर्तले. आईने पुढे याकोब मारेल या पुष्पचित्रकाराशी विवाह केला आणि सावत्र पित्याच्या चित्रशाळेतच मारियांचा हात घडला. वयाच्या तेराव्या वर्षी, १६६० मध्ये, त्यांनी रेशमाचे किडे पाळले. बरोबरीच्या मुली भरतकामात रमत असताना ही मुलगी अळ्यांना पाला घालीत, त्यांच्याकडे तासन्‌तास पाहत बसे.

पाहण्यासारखे पुष्कळ होते. सुरवंटाची बाह्य त्वचा त्याच्या देहाबरोबर वाढत नाही. ती तंग झाली की तो खाणे थांबवतो, एका जागी निश्चल होतो. डोक्यामागची जुनी कातडी फाटते आणि आतून नव्या, मऊ त्वचेचा जीव हळूहळू बाहेर सरकतो. रेशमाची अळी अशी चार वेळा कात टाकते आणि मगच कोष विणते. काही जातींचा प्रत्येक कातीनंतर रंगही पालटतो. ज्याने मधला काळ पाहिला नाही, त्याला ते दोन वेगळे किडे वाटावेत. म्हणूनच मेरियन सुरवंट पेट्यांत पाळीत, रोज ताजा पाला देत आणि होणारा बदल टिपून ठेवीत. कधी फुलपाखराची वाट पाहावी आणि कोषातून माश्याच निघाव्यात, असेही घडे. दुसऱ्या कीटकांनी सुरवंटाच्या देहात अंडी घातल्याचा तो परिणाम असतो, हे विज्ञानाला नंतर उलगडले. मेरियन यांनी मात्र दिसले ते तसेच लिहिले आणि रेखाटले.

१६६५ मध्ये मारेल यांचेच शिष्य योहान ग्राफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन मुलींचे संगोपन, चित्रकलेच्या शिकवण्या आणि सुरवंटांची निगा असा संसार न्यूरेंबर्गमध्ये चालला. १६७९ मध्ये सुरवंटांवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला आणि १६८३ मध्ये दुसरा. प्रत्येकात ५० चित्रे होती. कीटकाच्या जीवनाच्या अवस्था आणि त्याला पोसणारी वनस्पती ही सारी एकाच चित्रात होती. मजकूर पंडितांच्या लॅटिनमध्ये नसून जर्मन भाषेत होता.

पुढे संसार विस्कटला. पतीपासून दूर होऊन, आई व मुलींसह त्या फ्रीसलंडमधील लाबादी या धर्मपंथाच्या वसाहतीत राहिल्या आणि १६९१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला आल्या. तेथील धनिकांच्या संग्रहांत दूरदेशचे देखणे कीटक होते, परंतु सारे मृत. ते कसे जन्मले, काय खात होते, याचा मागमूस नव्हता. ही उणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. १६९९ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, आपली चित्रे विकून त्यांनी पैसा उभा केला आणि धाकटी कन्या डोरोथिया हिच्यासह दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीकडे प्रयाण केले.

सुरिनाममधील मळेवाल्यांना साखरेवाचून दुसरे काही सुचत नव्हते. अळ्या शोधणारी ही स्त्री त्यांच्या थट्टेचा विषय झाली. जंगलातील वाट तोडून देणारे आणि सुरवंट आणून देणारे हात गुलामांचे व मूळ रहिवाशांचे होते. मेरियन यांच्या सेवेतही गुलाम होते. त्या काळाच्या अन्यायापासून त्या अलिप्त नव्हत्या. तरी त्या लोकांकडून मिळालेले ज्ञान त्यांनी लपवले नाही. आपल्याकडे अंगणात फुलणाऱ्या शंकासुराच्या चित्राजवळ त्यांनी एक भीषण सत्य नोंदवले : आपली संतती गुलामीत जन्मू नये म्हणून तेथील स्त्रिया या झाडाच्या बिया गर्भपातासाठी वापरीत.

उष्ण हवामान आणि आजार यांमुळे १७०१ मध्ये त्यांना परतावे लागले. १७०५ मध्ये ६० चित्रांचा सुरिनामविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे लिनियसने कित्येक जातींचे वर्णन करताना त्यातील चित्रांचा आधार घेतला. त्यांच्या काही नोंदी चुकल्याही. एका कीटकाचे डोके रात्री प्रकाशते, हे त्यांचे म्हणणे टिकले नाही. एकोणिसाव्या शतकातील टीकाकारांनी अशा चुकांवर बोट ठेवून पक्षी धरणाऱ्या कोळ्याचे त्यांचे चित्रही कल्पित ठरवले. मात्र हेन्री बेट्स या निसर्गवेत्त्याने अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात तसा प्रकार स्वतः पाहिला आणि १८६३ मध्ये आपल्या ग्रंथात तो नमूद केला.

१३ जानेवारी १७१७ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे मेरियन यांचे निधन झाले. त्यांची अनेक चित्रे व अभ्यासवही रशियाचा झार पीटर याच्या संग्रहासाठी विकत घेण्यात आली. ती वही आजही सेंट पीटर्सबर्गमध्ये जतन केलेली आहे. जर्मनीने कालांतराने आपल्या ५०० मार्कांच्या नोटेवर त्यांची मुद्रा छापली. कीटकाचा अभ्यास त्याच्या अन्नवनस्पतीसह आणि तो जिवंत असतानाच करावा, ही आज शाळेतही शिकवली जाणारी रीत त्यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी घरातल्या पेट्यांवर आचरून दाखवली होती.