विश्लेषण : हृदयाला ‘हळू’ सांगणारा संदेश औषध नेमका कुठे अडवते? ऑटो लोवी यांनी काय शोधले?

नाडी धोकादायक पातळीपर्यंत मंदावली, की डॉक्टर अनेकदा अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन देतात आणि ठोके वाढतात. हे कसे घडते, याचा उलगडा बेडकाच्या हृदयांवर झाला. तो करणाऱ्या ऑटो लोवी यांना खरे तर कलेचा इतिहास शिकायचा होता.

१८७३ मध्ये फ्रँकफर्टमधील ज्यू कुटुंबात जन्मलेले लोवी घरच्यांच्या इच्छेखातर वैद्यकाकडे वळले. १९०९ पासून ते ऑस्ट्रियातील ग्राझ येथे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. मेंदूकडून येणारी व्हेगस ही नस हृदयाची गती कमी करते, हे तेव्हा माहीत होते. पण नस संपते तिथून पुढे आदेश विजेने पोहोचतो की रसायनाने, यावर एकमत नव्हते.

प्रयोग सुचला तो स्वप्नात. रात्री खरडलेली चिठ्ठी सकाळी त्यांना स्वतःलाच वाचता येईना! पुढच्या रात्री तेच सुचले, तेव्हा चिठ्ठीच्या भानगडीत न पडता त्यांनी पहाटे तीनला थेट प्रयोगशाळा गाठली. एका हृदयाची व्हेगस विजेने चेतवली, ठोके मंदावले. त्यातले द्रावण दुसऱ्या, नस काढून टाकलेल्या हृदयात घातले. तेही मंदावले. म्हणजे आदेश द्रावणातूनच आला होता. १९२१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो पदार्थ अ‍ॅसिटिलकोलिन असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

स्वप्नाची गोष्ट सगळे सांगतात. औषधांच्या दृष्टीने मोलाचा भाग त्यानंतरचा आहे. अ‍ॅट्रोपिन दिल्यावर व्हेगस चेतवूनही हृदय मंदावत नाही. मग औषध नसेलाच गप्प करते का? तसे नाही, हे लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले. नस पदार्थ सोडतच असते, हृदयावर त्याचा परिणाम तेवढा होत नाही. आजच्या भाषेत, हृदयाच्या पेशींवरचे रिसेप्टर अ‍ॅट्रोपिनने अडवलेले असतात. १९६० च्या दशकात आलेली बीटा-ब्लॉकर औषधे याच तत्त्वावर, पण उलट दिशेने चालतात. ती अ‍ॅड्रेनालिनची जागा अडवून ठोके आवरतात.

१९३६ चे नोबेल लोवींना हेन्री डेल यांच्यासह मिळाले. मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतला आणि ६४ वर्षांच्या लोवींना दोन मुलांसह तुरुंगात टाकले. आपल्याला मारले जाईल, असे त्यांना वाटत होते. काळजी होती ती ताज्या प्रयोगाचा निष्कर्ष अप्रकाशित राहण्याची. त्यांनी कोठडीतून पोस्टकार्ड लिहून तो एका विज्ञान नियतकालिकाला कळवला. देश सोडण्यापूर्वी स्टॉकहोमच्या बँकेतली नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेकडे वळवण्यास त्यांना भाग पाडले गेले. १९४० पासून ते न्यूयॉर्क विद्यापीठात होते. डिसेंबर १९६१ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्याच शहरात त्यांचे निधन झाले.