राजपुत्र शोतोकु : ऐकून घेणारा राज्यकर्ता

जपानच्या प्रारंभीच्या इतिहासात राजपुत्र शोतोकु यांच्याइतके आदराचे स्थान फार थोड्यांना लाभले आहे. इ.स. ५७४ मध्ये यामातोच्या राजघराण्यात त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव उमायादो. तबेल्याच्या दाराशी जन्म झाल्यामुळे हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. शोतोकु, म्हणजे पवित्र शीलाचा, हे बिरुद त्यांना मरणोत्तर मिळाले.

त्यांच्या जन्माआधी काही दशके कोरियातील पेकचे राज्याच्या राजाने बुद्धमूर्ती आणि सूत्रग्रंथ जपानच्या दरबारी पाठविले होते. हा नवा धम्म स्वीकारावा की नाकारावा, यावरून दोन बलाढ्य घराण्यांत वैर पेटले. सोगा घराणे धम्माच्या बाजूचे, तर मोनोनोबे घराणे विरोधात. ५८७ मध्ये त्यांच्यात युद्ध झाले. कोवळ्या वयाचे शोतोकु आपल्या आप्तांच्या, म्हणजे सोगांच्या, बाजूने रणात उतरले. विजय मिळाल्यास चार लोकपालांचे विहार उभारू, असा संकल्प त्यांनी केल्याचे सांगतात. ओसाका येथील शितेन्नोजी हे त्या संकल्पाचे फळ मानले जाते.

विजय मिळाला, पण शांतता मिळाली नाही. सोगा घराण्याचा प्रमुख उमाको याने ५९२ मध्ये सम्राट सुशुन यांचा वध करविला. सुशुन हे शोतोकु यांचे सख्खे मामा होते. त्यानंतर त्यांची आत्या सुइको सम्राज्ञी झाली आणि ५९३ मध्ये शोतोकु राज्यकारभार पाहू लागले. दरबारात त्यांच्या शेजारी उमाकोच बसत होता. सूड घेण्याचे सामर्थ्य नाही आणि अन्यायाचा विसर पडणे शक्य नाही, अशा अवस्थेत त्यांनी शस्त्राऐवजी नियमांचा मार्ग धरला.

६०३ मध्ये दरबारी दर्जांच्या बारा श्रेणी ठरविण्यात आल्या. टोपीच्या रंगावरून श्रेणी ओळखू येई. कुळाच्या वारशापेक्षा व्यक्तीच्या योग्यतेला मान देण्याचा हा आरंभ होता. थोर घराण्यांची पकड त्याने एकाएकी सुटली नाही. परंतु जन्म हीच माणसाची एकमेव किंमत नव्हे, हे तत्त्व राज्याच्या नियमांत आले. जातिभेदाचे दुःख पिढ्यानपिढ्या सोसलेल्या आपल्या समाजाला या पावलाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली सतरा कलमे आली. सलोख्याला त्यात पहिले स्थान आहे आणि त्रिरत्नांच्या आदराला दुसरे. श्रीमंताची तक्रार तत्काळ ऐकली जाते व गरिबाची वाया जाते, याबद्दल त्यात अधिकाऱ्यांना बजावले आहे. मतभेद झाल्यास रागावू नये आणि मोठा निर्णय एकट्याने घेऊ नये, असेही त्यात सांगितले आहे. ज्या दरबारात मतभेदाचा शेवट खुनात झाला होता, तिथे हे नियम केवळ सुभाषिते नव्हती.

६०७ मध्ये त्यांनी ओनो नो इमोको यास चीनच्या सुइ सम्राटाकडे दूत म्हणून पाठविले. त्या काळातच इकारुगा येथे होर्युजी विहार उभा राहिला. ६७० च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली त्याची वास्तू आज जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत गणली जाते. आपल्या शेजारच्या मावळ तालुक्यातील कार्ले येथील चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही छताला आहेत. मुळशीच्या मुलांना होर्युजीचे महत्त्व त्यांवरून सहज उमगेल. होर्युजीच्या भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक अजिंठ्याच्या चित्रांशी करतात. अजिंठ्यात येऊन तेथील चित्रांच्या प्रतिकृती करणारे जपानी चित्रकार अराई काम्पो यांनीच उत्तरायुष्यात होर्युजीच्या चित्रांच्या प्रतिकृतींचे काम केले. १९४९ च्या आगीत मूळ चित्रांची मोठी हानी झाली, तेव्हा अशा प्रतिकृतींचे मोल कळले.

६२२ मध्ये शोतोकु यांचे निधन झाले. ६४३ मध्ये सोगा घराण्यातील इरुका याने त्यांचा पुत्र यामाशिरो याच्यावर सैन्य धाडले आणि शोतोकु यांचा वंश संपला. दोन वर्षांत सोगांची सत्ताही लयाला गेली. राजपुत्राचे घर वाचले नाही. त्याने घालून दिलेला आदर्श मात्र टिकला.

शोतोकु एकाच वेळी दहा जणांची गाऱ्हाणी ऐकून प्रत्येकाला योग्य उत्तर देत, अशी कथा आहे. आज पॉडकास्टमुळे प्राचीन जपानचा इतिहास घरबसल्या कानांवर पडतो. ही रीत नवी नाही. ७१२ चा ‘कोजिकी’ हा ग्रंथ हिएदा नो आरे यांच्या मुखोद्गत कथनावरून लिहिला गेला. तथागतांची वचनेही प्रथम श्रवणानेच जतन झाली. तथापि ऐकलेले पारखून घ्यावे लागते. शोतोकु यांचे सविस्तर चरित्र ज्यात आहे, तो ‘निहोन शोकी’ ७२० मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे शतकाने पूर्ण झाला. त्यामुळे सतरा कलमे आणि त्यांच्या नावावरील सूत्रभाष्ये खरोखर त्यांचीच का, यावर विद्वानांत वाद आहे. श्रद्धेने ऐकावे आणि प्रज्ञेने तपासावे, ही धम्माची शिकवण येथेही उपयोगी पडते. दहा जणांची कथा शब्दशः खरी नसेल. पण सत्ता हाती असलेल्याने दुर्बलाचे ऐकून घ्यावे, ही जनमनाची अपेक्षा तिच्यात चौदा शतके जिवंत राहिली आहे.