पेनॉबस्कॉट नदीकाठचा लुई

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. दाट जंगलांतून वाट काढत पेनॉबस्कॉट नदी तेथून अटलांटिक महासागराकडे जाते. ओल्ड टाउन या गावासमोर नदीच्या पात्रात एक बेट आहे. त्याचे नाव इंडियन आयलंड. पेनॉबस्कॉट जमातीचे लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. नदीच्या नावानेच ते ओळखले जातात. याच बेटावर २४ ऑक्टोबर १८७१ रोजी लुई फ्रान्सिस सॉकॅलेक्सिस याचा जन्म झाला.

बेटाच्या नावातील ‘इंडियन’ या शब्दापाशी आपल्याला क्षणभर थांबावे लागते. पूर्वेकडील देशांचा जलमार्ग शोधायला निघालेला कोलंबस १४९२ साली अमेरिकेजवळच्या बेटांवर पोहोचला आणि आपण हिंदुस्थानच्या परिसरात आलो आहोत, अशा समजुतीने तेथील माणसांना त्याने इंडियन म्हटले. पुढे चूक ध्यानात आली. शब्द मात्र तसाच राहिला. जो शब्द आपण आपल्या देशाच्या नात्याने आपलेपणाने उच्चारतो, तो त्या लोकांवर परक्यांनी लादलेला होता. लुईच्या चरित्राशी या शब्दाचा फार जवळचा संबंध आहे.

लुईचे आजोबा जमातीचे प्रमुख होते. घराण्याला मान होता; पण तो बेटापुरता. पेनॉबस्कॉट लोकांनी गोऱ्या वसाहतकऱ्यांशी केव्हाच तह केले होते, आणि त्यांतून त्यांच्याकडे उरली होती ती नदीतील बेटे. दूर पश्चिमेच्या मैदानी प्रदेशात मात्र संघर्ष चालूच होता. लुई एकोणीस वर्षांचा असताना, डिसेंबर १८९० मध्ये, वुंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने लाकोटा जमातीच्या शेकडो स्त्री-पुरुषांना व मुलांना गोळ्या घालून ठार मारले. लाकोटा आणि पेनॉबस्कॉट यांची भाषा वेगळी, राहणी वेगळी, आणि त्यांच्यामधील अंतर हजारो किलोमीटरचे. तरीही वृत्तपत्रे वाचणाऱ्या सर्वसामान्य गोऱ्या माणसाच्या दृष्टीने दोघेही ‘इंडियन’च होते. अशा काळात हा मुलगा गोऱ्यांचा सर्वांत लाडका खेळ खेळायला निघाला.

तो खेळ म्हणजे बेसबॉल. क्रिकेट पाहिलेल्या माणसाला तो समजायला जड जाऊ नये. शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना बेस म्हणतात. चेंडू फेकणारा पिचर तो टप्पा न पाडता थेट फलंदाजाकडे फेकतो. फलंदाज तो टोलवतो आणि एकामागून एक ठाणी गाठत धावतो. चौथे ठाणे गाठले की एक धाव होते. क्षेत्ररक्षकांपैकी तिघे फार दूर, मैदानाच्या कडेला उभे असतात. त्यांना आउटफिल्डर म्हणतात. उंच उडालेला चेंडू धावत जाऊन झेलायचा आणि तो हातात येताच ठाण्याकडे अचूक फेकायचा, हे त्यांचे काम. पायांत वेग आणि खांद्यात ताकद असल्यावाचून ते साधत नाही. लुईजवळ दोन्ही होते.

त्याच्या फेकीविषयी अनेक कथा सांगितल्या जातात. तो नदीच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर चेंडू फेकत असे, ही त्यांतलीच एक. दुसरी कथा अशी, की हार्वर्डच्या प्राध्यापकांनी त्याची एक फेक मोजली आणि ती ४१४ फूट, म्हणजे सुमारे १२६ मीटर भरली. वडिलांना मुलाचा हा नाद पसंत नव्हता आणि त्याला रोखण्यासाठी ते होडी वल्हवत थेट वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांकडे गेले, अशीही एक आख्यायिका आहे. यांतील शेवटची तर उघडच रचलेली वाटते. अशा गोष्टींतून लुईपेक्षा त्या लिहिणाऱ्यांचीच अधिक ओळख होते. बेटावरचा माणूस म्हटला की त्यांना होडीशिवाय दुसरे काही सुचत नसावे.

मेनमधील उन्हाळी सामन्यांत लुईचे नाव झाले आणि १८९४ साली त्याला मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयात प्रवेश मिळाला. जेझुइट पाद्र्यांनी चालवलेले हे महाविद्यालय होते. पेनॉबस्कॉट लोक फ्रेंच धर्मप्रसारकांच्या काळापासून कॅथलिक झालेले होते, त्यामुळे हे वातावरण त्याला अगदीच परके नव्हते. तेथे तो धावण्याच्या शर्यतींत उतरला, फुटबॉल खेळला. पण खरा चमकला तो बेसबॉलमध्ये. १८९५ साली त्याची फलंदाजीची सरासरी ०.४३६ होती आणि पुढच्या वर्षी ०.४४४. या आकड्यांचा अर्थ साधारणपणे असा, की हजार संधींपैकी चारशेहून अधिक वेळा त्याने चेंडू टोलवून सुखरूप ठाणे गाठले. बेसबॉलमध्ये हजारात तीनशे वेळा हे साधणारा खेळाडू उत्तम समजला जातो. समोरचे संघ महाविद्यालयीनच होते, हे खरे; तरीही हे आकडे लहान नाहीत.

१८९७ च्या आरंभी तो इंडियाना राज्यातील नॉत्र दाम विद्यापीठात गेला. तेथे मात्र तो काही आठवडेच टिकला. मद्याच्या नशेत गावात झालेल्या एका भांडणामुळे मार्च महिन्यात त्याला काढून टाकण्यात आले. महाविद्यालयाचे दार असे बंद होत असतानाच दुसरे दार उघडले. क्लीव्हलंडच्या ‘स्पायडर्स’ संघातील नामांकित फलंदाज जेसी बर्केट याने होली क्रॉसमध्ये मुलांना शिकवताना लुईचा खेळ पाहिला होता. संघाचा कर्णधार-व्यवस्थापक पॅट्सी टेबो याने लुईशी करार केला. त्या काळी अमेरिकेत सर्वोच्च दर्जाची एकच साखळी होती, ती म्हणजे बारा संघांची नॅशनल लीग. एका वसंत ऋतूत लुई विद्यार्थीदशेतून थेट त्या बारा संघांपैकी एकात जाऊन पोहोचला. तेव्हा तो पंचविशीत होता.

२२ एप्रिल १८९७ रोजी लुईव्हिल येथे तो पहिला सामना खेळला. आपली जमात न लपवता सर्वोच्च साखळीत खेळलेला तो पहिला मूळ अमेरिकी खेळाडू होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मैदानाच्या उजव्या कडेला त्याची जागा असे, आणि नेमक्या त्याच्या पाठीमागे स्वस्त तिकिटांची गर्दी बसलेली असे. तो झेल घ्यायला धावला की ती गर्दी तोंडावर हात आपटून युद्धाच्या आरोळ्यांची नक्कल करी. कोणी टर उडवायला ओरडे, तर कोणी कौतुकाने. पण आरोळी तीच. वृत्तपत्रांनी त्याला ‘चीफ’ अशी पदवी बहाल केली होती. तिच्यात त्याच्या आजोबांच्या पदाचा आदर नव्हता. संघाच्या नावातही फरक पडू लागला. स्पायडर्सऐवजी ‘टेबोचे इंडियन्स’ असे छापून येऊ लागले. एका माणसामुळे साऱ्या संघाला नवे नाव मिळाले, आणि त्या नावात त्या माणसाचे नाव नव्हते.

लुईने उत्तर दिले ते खेळाने. जूनमध्ये संघ न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर आला. तेथे समोर एमॉस रूसी हा पिचर होता. १८९३ साली पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतर वाढवून साठ फूट सहा इंच करण्यात आले, त्याला रूसीच्या चेंडूचा भयंकर वेगच मुख्यतः कारणीभूत झाला, असे सांगितले जाते. त्याला पाहायला आणि लुईची फजिती पाहायलाही गर्दी लोटली होती. पहिल्याच खेपेस लुईने रूसीचा चेंडू असा टोलवला की क्षेत्ररक्षक तो परत फेकेपर्यंत त्याने चारही ठाणी पुरी केली. याला होम रन म्हणतात. आरोळ्या ठोकणाऱ्यांचा आवाज काही काळ तरी बंद झाला.

हे यश तीन महिन्यांहून अधिक टिकले नाही. जुलै १८९७ च्या सुरुवातीस मद्याच्या नशेत त्याने एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरून उडी घेतली आणि त्याच्या पायाच्या घोट्याला गंभीर दुखापत झाली. ज्याचे सारे कौशल्य धावण्यावर उभे होते, त्याचा पायच गेला. त्या हंगामात पुढे तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सामने खेळला. तरीही वर्षाअखेर ६६ सामन्यांत त्याची सरासरी ०.३३८ होती. १८९८ मध्ये तो २१ सामने खेळला आणि सरासरी ०.२२४ वर घसरली. १८९९ मध्ये सात सामन्यांनंतर त्याला संघातून मुक्त करण्यात आले. त्या वर्षी संघाच्या मालकांनी आपले चांगले खेळाडू सेंट लुईच्या संघात हलवले होते. मागे उरलेला स्पायडर्स संघ २० सामने जिंकला, १३४ हरला आणि कायमचा बंद पडला.

मद्यपानाने लुईचा घात केला, यात शंका नाही आणि ते झाकण्याचे कारणही नाही. परंतु त्या घाताचा अर्थ त्या वेळी कसा लावला गेला, हे पाहण्यासारखे आहे. १८९० च्या दशकात मद्यपी बेसबॉल खेळाडूंची वाण नव्हती. गोरा खेळाडू प्यायला तर तो त्याचा वैयक्तिक दुर्गुण ठरे. लुई प्यायला तर ती त्याच्या साऱ्या वंशाची प्रकृती ठरे. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार असतात, ही समज त्या काळी जवळजवळ कोणालाच नव्हती. घरापासून शेकडो कोस दूर, रोज हजारो माणसांच्या आरोळ्या पाठीवर झेलणाऱ्या तरुणाला आधार कोणी द्यायचा, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

त्यानंतर काही वर्षे तो लहान संघांतून खेळत राहिला. १९०० साली मॅसॅच्युसेट्समध्ये भटकेगिरीच्या आरोपाखाली त्याला कैदही झाली. अखेर तो आपल्या बेटावर परतला. त्याच्या आयुष्याचा हा भाग ‘शोकान्तिका’ या एका शब्दात गुंडाळण्याची पद्धत आहे. ती फारशी पटत नाही. बेटावर तेव्हा पूल नव्हता. लुई नदीवर नाव चालवू लागला, माणसांना या तीरावरून त्या तीरावर नेऊ लागला. स्थानिक सामन्यांत तो पंच म्हणून उभा राहत असे आणि जमातीच्या मुलांना चेंडू कसा फेकायचा, हे शिकवत असे. त्याच घराण्यातील अँड्र्यू सॉकॅलेक्सिस हा धावपटू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन शर्यतीत चौथा आला.

हिवाळ्यात लुई जंगलात लाकूडतोडीला जाई. तेथेच, मेनमधील बर्लिंग्टनजवळच्या लाकूडतोड्यांच्या तळावर, २४ डिसेंबर १९१३ रोजी हृदय बंद पडून त्याचे निधन झाले. तो ४२ वर्षांचा होता. त्याच्या सदऱ्यात जुन्या सामन्यांच्या बातम्यांची कात्रणे सापडली, असे सांगतात. अमेरिकेतील सर्व मूळ रहिवाशांना नागरिकत्व देणारा कायदा १९२४ साली झाला, आणि मेनमधील राखीव वस्त्यांवरील लोकांना देशाच्या निवडणुकीत मत देण्यासाठी १९५४ पर्यंत थांबावे लागले. यांतील काहीच लुईला पाहायला मिळाले नाही.

१९१५ च्या जानेवारीत क्लीव्हलंडमधील दुसऱ्या एका बेसबॉल संघाला नव्या नावाची गरज पडली आणि ‘इंडियन्स’ हे नाव निवडले गेले. लुईच्या सन्मानार्थ हे नाव घेतले, असे संघाकडून पुढे अनेक वर्षे सांगण्यात आले. अभ्यासकांना ते पूर्णपणे मान्य नाही. त्या वेळच्या वृत्तपत्रांत सन्मानापेक्षा थट्टाच अधिक आढळते. नंतर संघाने लाल चेहऱ्याचे, दात विचकून हसणारे, डोक्यात पीस खोवलेले एक चित्र आपले चिन्ह म्हणून वापरले. मूळ रहिवाशांच्या संघटनांनी कित्येक दशके त्याला विरोध केला. खुद्द पेनॉबस्कॉट लोकांनीही केला. २०१८ च्या हंगामानंतर ते चित्र खेळाडूंच्या पोशाखावरून काढण्यात आले. २०२१ चा हंगाम संपल्यावर संघाने ‘इंडियन्स’ हे नावही सोडले आणि शहरातील एका पुलावरच्या भव्य दगडी रक्षक-पुतळ्यांवरून ‘गार्डियन्स’ हे नाव घेतले.

बेसबॉलच्या नोंदीत लुई सॉकॅलेक्सिसच्या नावावर ९४ सामने आणि ०.३१३ अशी सरासरी आहे. त्याची समाधी इंडियन आयलंडवरच आहे. जिथे तो नाव चालवत असे, तिथे आता पूल झाला आहे.