दिवाबत्तीची सोय

काशीला जाऊन आलेल्या बायकांना विचारा, काय काय पाहिलं? विश्वनाथ, मणिकर्णिका, गंगेची आरती असं भराभर सांगतात. गयेला गेलेल्या विष्णुपदाचं सांगतात, गुजरातेत गेलेल्या सोमनाथाचं. वेरूळला तर आपण लेणी बघायला जातो आणि येता येता घृष्णेश्वराला हात जोडतो. या सगळ्या ठिकाणांना जोडणारं एक नाव आहे आणि ते आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका पाटलाच्या लेकीचं आहे. अहिल्याबाई होळकर. देव्हाऱ्यातल्यासारखा त्यांचा फोटो आपल्याला पाठ असतो. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हातात शिवलिंग. पण या फोटोमागे हिशेबाला पक्की असलेली एक कर्ती बाई आहे, ती फारशी कुणी दाखवत नाही.

जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावात ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. घर खाऊनपिऊन सुखी, पण राजघराण्याशी संबंध नाही. मल्हारराव होळकरांनी ही मुलगी आपल्या खंडेरावासाठी मागितली आणि आठव्या वर्षी, १७३३ मध्ये, लग्न झालं. सासरा स्वतः मेंढपाळाच्या घरातून तलवारीच्या जोरावर माळव्याचा सुभेदार झालेला. सासू गौतमाबाईही खमकी. पेशव्यांनी गौतमाबाईंना १७३४ मध्ये स्वतंत्र जहागीर दिली होती. दौलतीचं उत्पन्न वेगळं आणि बाईंच्या हातातलं हे उत्पन्न वेगळं. याला म्हणायचे खासगी. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या खासगीभोवती फिरते. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या काळच्या एका सासूच्या नावावर स्वतःचं खातं होतं, आणि ते पुढे सुनेकडे आलं.

अहिल्याबाई लिहायला-वाचायला शिकल्या, हिशेब शिकल्या. मल्हारराव सतत मोहिमेवर. मागे वसुली, रसद, पत्रव्यवहार बघायला विश्वासाचं माणूस हवं, आणि खंडेरावांचं लक्ष कारभारात कमी. त्यामुळे सासऱ्याचा भरवसा हळूहळू सुनेवर बसत गेला.

१७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. मुलगा मालेराव आणि मुलगी मुक्ता दोघंही लहान. त्या सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या मल्हाररावांनी त्यांची समजूत घातली, अक्षरशः विनवणी केली आणि त्या थांबल्या. त्या दिवशी त्या चितेवर चढल्या असत्या तर आज काशी आणि गया कशी दिसली असती, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढची बारा वर्षं म्हणजे शिकाऊ उमेदवारीच म्हणा ना. सासऱ्यांची १७६५ च्या सुमाराची पत्रं आहेत. त्यात सून म्हणून घरच्या सूचना नाहीत. तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे कूच करा, गोळा-बारुदाची तजवीज करा, वाटेत ठाणी बसवा अशा सूचना आहेत. विधवा सुनेला कोपऱ्यात बसवायच्या काळात ही पत्रं लिहिली गेली.

१७६६ च्या मे महिन्यात आलमपूरला मल्हारराव वारले. गादीवर आलेला मालेराव दहा महिन्यांतच, १७६७ मध्ये गेला. नवरा, सासरा, मुलगा. आता दौलतीला वारस नाही म्हटल्यावर जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांशी संधान बांधलं. एखादं मूल दत्तक घ्यावं, कारभार आमच्याकडे द्यावा आणि बाईंनी जपजाप्य करावं, असा बेत होता. राघोबा फौज घेऊन क्षिप्रेच्या काठापर्यंत आले. अहिल्याबाईंनी शिंदे, गायकवाड, भोसले यांना पत्रं धाडली, पुण्याला माधवराव पेशव्यांना कळवलं आणि स्वतः लढाईची तयारी केली. राघोबांनाही निरोप गेला. बायकांची फौज हरली तर तिला कुणी हसणार नाही, पण आपण हरलात तर तोंड कुठे दाखवाल, असा त्याचा मतलब होता. राघोबांनी मग आपण दुखवट्याला आलो असं सांगून वेळ निभावून नेली. माधवरावांनी कारभार अहिल्याबाईंकडेच ठेवला. फौजेसाठी त्यांनी होळकरांच्याच विश्वासातले तुकोजी होळकर निवडले.

राजधानी त्यांनी महेश्वरला नेली. नर्मदेच्या काठावरचा तो वाडा आजही पाहता येतो. राजवाडा म्हणून पाहायला गेलात तर निराश व्हाल. लाकडी खांब, साधी ओसरी, आपल्याकडच्या एखाद्या इनामदाराच्या घरासारखं सगळं. त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी इंग्रज अधिकारी जॉन माल्कम माळव्यात होता. त्याने त्यांना पाहिलेल्या माणसांकडून माहिती गोळा केली. त्यात त्यांचा दिवस नोंदलेला आहे. पहाटे उजाडण्याच्या आधी उठणं, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमाराला दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. पुन्हा पूजा, फराळ आणि रात्री नऊ ते अकरा परत कामकाज. हे एक-दोन दिवस नाही, अठ्ठावीस वर्षं. घर सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला या वेळापत्रकातली शिस्त कळेल.

निपुत्रिक माणूस मेला की त्याची संपत्ती सरकारजमा करायची, ही अनेक संस्थानिकांची सोपी कमाई होती. अहिल्याबाईंनी अशा विधवांच्या पैशाला हात लावला नाही, दुसऱ्याला लावू दिला नाही. डोंगरातले भिल्ल प्रवाशांना लुटत. त्यांचा त्यांनी कडक बंदोबस्त केला, पण त्याचबरोबर घाटातून जाणाऱ्या मालावरची त्यांची जुनी वहिवाटीची भिल्लकवडी मान्य केली आणि त्या बदल्यात वाट सुरक्षित ठेवायची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. महेश्वरला बाहेरून विणकर आणून वसवले. आज आपण हौसेने महेश्वरी घेतो. तिच्या काठावर किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरची नक्षी असते, आणि काही साड्यांचा काठ दोन्ही बाजूंनी मिरवता येतो.

आता बांधकामांविषयी. काशीचं विश्वनाथ मंदिर औरंगजेबाने १६६९ मध्ये पाडलं होतं. ते परत उभं राहावं अशी मोठमोठ्या मराठा सरदारांची इच्छा होती. मल्हाररावांचीही होती. पण काशी मराठ्यांच्या ताब्यात नव्हती आणि लढाई झाली तर स्थानिकांनाच भोगावं लागेल या भीतीने तिथले लोकही धास्तावलेले होते. अहिल्याबाईंनी शेजारच्या जागेवर नवं मंदिर बांधून घेतलं. १७८० मध्ये ते पूर्ण झालं. तलवार न उपसता. आज आपण दर्शन घेतो ते तेच. त्यावरचा सोन्याचा पत्रा नंतरचा, पंजाबच्या रणजितसिंहांनी दिलेल्या सोन्याचा. सोमनाथलाही हीच रीत. भग्न मंदिराच्या जागेपासून थोडं बाजूला १७८३ मध्ये त्यांनी देऊळ बांधलं आणि पुन्हा घाला पडला तर म्हणून शिवलिंग खाली तळघरात बसवलं. समुद्राकाठचं मोठं मंदिर १९५१ नंतरचं. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत सोमनाथाची पूजा याच छोट्या देवळात चालू राहिली.

गयेचं विष्णुपद १७८७ चं. काळ्या दगडाचं, शंभर फूट उंच. त्यासाठी राजस्थानातून, जयपूरकडून कारागीर बोलावले. काम काही एक-दोन वर्षांचं नव्हतं. ते संपल्यावर त्यातली काही कुटुंबं परत गेलीच नाहीत. गयेजवळ पत्थरकट्टी नावाचं गाव आहे, तिथे त्यांचे वंशज आजही दगडाच्या मूर्ती आणि खलबत्ते घडवतात. एका देवळाच्या कामातून गावाला सव्वादोनशे वर्षं पोटापाण्याचा धंदा मिळाला.

आपल्याकडे वेरूळचा घृष्णेश्वर सासू गौतमाबाईंनी हाती घेतला आणि सुनेने पुरा केला. परळी वैजनाथाचा जीर्णोद्धार, चांदवडचा रंगमहाल, पंढरपूरचा होळकर वाडा. यादी द्यायला बसले तर पान पुरणार नाही. बद्रीनाथपासून रामेश्वरपर्यंत कुठे धर्मशाळा, कुठे विहीर, कुठे घाट, कुठे अन्नछत्र. आणि यातलं बहुतेक त्यांच्या राज्याच्या बाहेर!

खरं सांगायचं तर मला या यादीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं जास्त कौतुक वाटतं. सामाजिक काम करताना एक अनुभव नेहमी येतो. सभागृह बांधायचं म्हटलं की देणगीदार पुढे येतात, कारण भिंतीवर संगमरवरी पाटी लागते. पण त्याच सभागृहाच्या झाडूवालीचा पगार, गळकं छप्पर, दर दोन वर्षांनी लागणारी रंगरंगोटी यासाठी पैसे मागा, लोक घड्याळ बघायला लागतात. अहिल्याबाईंनी बांधकामाबरोबर देखभालीचीही तरतूद केली. अमुक देवस्थानाला अमुक गावचं उत्पन्न, पुजाऱ्याला वर्षासन, नैवेद्याला इतकं, दिवाबत्तीला इतकं, अन्नछत्राला धान्य. दूरदूरच्या देवळांत गंगाजलाच्या कावडी नियमाने पोचत आणि त्या पोचवणाऱ्या माणसांचाही खर्च बांधून दिलेला असे. उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणपोया, थंडीत गरिबांना गरम कपडे. शेतात औताला जुंपलेल्या बैलांना भर उन्हात पाणी पाजायला माणसं नेमलेली. पाखरं शेतातून हाकलली जातात म्हणून त्यांच्यासाठी उभं पीक विकत घेऊन सोडून दिलं जाई.

पैसा कुठला? परंपरा सांगते की कारभार हाती घेतला तेव्हा त्यांनी खासगीच्या खजिन्यावर तुळशीपत्र ठेवलं. म्हणजे तो पैसा धर्मकार्याचा झाला. दौलतीचा पैसा राज्याचा, खासगीचा पैसा दानाचा. यावरून तुकोजींशी त्यांचे खटके उडत. फौजेचा पगार थकलेला आणि बाई देवळं बांधतायत, अशी तक्रार तेव्हाही होती, इतिहासकार आजही करतात. १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांकडून होळकरांचा दारुण पराभव झाला, हेही खरं. माझं मत विचाराल तर ज्याला घरखर्चाची वही ठेवायची सवय आहे त्याला बाईंची बाजू पटेल. एका डब्यातले पैसे दुसऱ्या डब्यात गेले की दोन्ही डबे रिकामे होतात.

शेवटची वर्षं मात्र फार वाईट गेली. मुक्ताबाईचा मुलगा ऐन तारुण्यात गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती निघाली. अहिल्याबाईंनी तिचे पाय धरायचे बाकी ठेवले. माझं कुणी राहिलं नाही, मला टाकून जाऊ नकोस, असं परोपरीने सांगितलं. लेक ऐकेना. आईचं वय झालंय, आई गेल्यावर आपण कुणासाठी जगायचं, असं तिचं म्हणणं. ज्या बाईला सासऱ्याने सतीपासून परतवलं होतं, तिला स्वतःच्या लेकीला परतवता आलं नाही. त्या चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवलं होतं. अग्नी पेटला तसा त्यांचा धीर सुटला. तीन दिवस त्यांनी अन्नाला स्पर्श केला नाही, कुणाशी बोलल्या नाहीत. मग लेकीची आणि जावयाची छत्री बांधायला घेतली. आयुष्यात दुःख झालं की त्यांनी दगड रचले. आलमपूरला सासऱ्याची छत्री, महेश्वरला लेकीची. इतकं करून सतीची चाल त्यांनी आपल्या राज्यात बंद का केली नाही, हा प्रश्न मला पडतोच.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्या गेल्या. सत्तर वर्षांचं आयुष्य. पुढे कृष्णाबाई होळकरांनी नर्मदेकाठी त्यांची छत्री बांधली. तेच अहिल्येश्वर.

अलीकडे त्यांच्या नावाची आठवण सगळ्यांनाच झाली आहे. सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये त्यांचं नाव मिळालं. काशीच्या नव्या कॉरिडॉरमध्ये २०२१ मध्ये त्यांचा पुतळा बसला. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि २०२५ मध्ये जन्माच्या तीनशेव्या वर्षी राज्याचं मंत्रिमंडळ चौंडीला जाऊन बसलं. पण त्या खासगीचं काय झालं? स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली. देशभर पसरलेल्या खासगीच्या अडीचशेच्या आसपास मालमत्तांसाठी १९६२ मध्ये न्यास झाला. देवळं, घाट, धर्मशाळा, छत्र्या सगळं त्यात. सांभाळायचं खूप आणि उत्पन्न तुटपुंजं. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या मालमत्तेची विक्री झाल्यावरून वाद पेटला, मध्य प्रदेश उच्च न्यायालयात गेला, २०२० मध्ये निकाल लागला आणि मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हा सार्वजनिक न्यास आहे, त्याने रीतसर नोंदणी करावी, आणि मालमत्तांचे जे व्यवहार झाले त्यांचे कागद निबंधकाने तपासावेत. अडीचशे वर्षांपूर्वी ज्या वह्या बाई स्वतः रात्री अकरापर्यंत बसून तपासत होत्या, त्या आता कोर्टाच्या आदेशाने उघडल्या जाणार.

महेश्वरच्या वाड्यात मात्र एक नेम अजून चालू आहे. नर्मदेच्या काळ्या मातीची छोटी छोटी शिवलिंगं रोज सकाळी ब्राह्मण हाताने घडवतात, पाटावर रांगेने मांडून पूजा करतात आणि नंतर ती नदीत सोडून देतात. संख्या पूर्वीइतकी राहिलेली नाही. दक्षिणा अजूनही खासगीच्या न्यासातूनच मिळते.