रेव्हरंड नारायण वामन टिळक : विवेकाच्या साक्षीने जगलेले जीवन



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याची प्रथा आहे. आजवर या पानांत संत येऊन गेले, राजे येऊन गेले, सुधारक येऊन गेले, आणि आपल्याच ज्ञातीतील दानशूर गृहस्थही येऊन गेले. यंदा हे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव सुचविले. ते ऐकून मंडळातील काही सभासद क्षणभर स्तब्ध झाले. टिळक आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या धर्माचेही नव्हेत, आणि ज्या ज्ञातीत ते जन्मले तिनेही पुढे त्यांस आपले म्हटले नाही. मग ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांना स्थान कशासाठी, असा प्रश्न निघाला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही लेखाच्या शेवटी देणार आहोत. तोवर वाचकांनी धीर धरावा, ही विनंती.

जन्म, शिक्षण व संसार

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव हे सरकारी नोकरीत असून स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई भाविक, प्रेमळ व काव्याची आवड असलेली. मुलाचा सारा ओढा आईकडे. परंतु ते लहान असतानाच आईचे छत्र हरपले आणि घरातील मायाच जणू उठून गेली. पोरक्या मनाने हा मुलगा घर सोडून विद्येच्या शोधार्थ नाशिकास गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतही काही काळ घालविला. पण संसाराची व भावंडांची जबाबदारी अंगावर पडल्यामुळे शालेय शिक्षण अपुरे राहिले. पदवी नसली तरी वाचन मात्र अफाट, वाणी ओघवती व स्मरणशक्ती तल्लख होती.

नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा वधूचे वय अवघे अकरा वर्षांचे होते. हीच मुलगी पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने महाराष्ट्रास वंदनीय झाली. संसार सुरू झाला खरा, पण टिळकांचे पाऊल एका गावी ठरत नसे. आज येथे मास्तरकी, उद्या तेथे छापखान्यातील काम, परवा आणखी कोठे तरी. हाती पैसा आला की तो गरजूच्या हाती जाई. घरात धान्य नाही याची वार्ता त्यांना सर्वांच्या शेवटी लागे. मुले जन्मास येत व काही अल्पायुषी ठरून जात. या सर्व ओढाताणीचा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला, हे चरित्रकाराने विसरता कामा नये.

आपल्या विदर्भाशी संबंध

सन 1891 च्या सुमारास टिळक नागपुरास आले. तेथील धनिक व विद्याप्रेमी गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि 'ऋषी' नावाचे धर्मविषयक मासिक चालविले. वरवर पाहता हा काळ मानाचा होता. पण अंतरी वेगळेच मंथन सुरू होते. ईश्वर सर्वांचा पिता असेल तर माणसामाणसांत उच्चनीच कोठून आले, हा प्रश्न त्यांस सुखाने झोपू देत नव्हता. सर्व माणसे भावंडे मानणारा एखादा नवा धर्म आपणच स्थापावा, असेही विचार त्यांच्या मनात घोळत होते.

अशा मनःस्थितीत सन 1893 मध्ये त्यांस राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली व ते नागपूरहून आगगाडीने निघाले. बंगाल-नागपूर रेल्वेचा हा मार्ग म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून जाणारा मार्ग होय. भंडारा रोड व तुमसर ही स्थानके मागे टाकून गाडी वैनगंगा ओलांडते आणि पुढे गोंदियाकडे जाते. तीच वैनगंगा मग भंडारा शहरावरून पवनीकडे वळते व आमच्या गोसीखुर्दला येते. म्हणून या प्रवासाची हकीकत वाचताना आम्हांस ती परक्या मुलखातील वाटत नाही.

डब्यात एक युरोपियन सहप्रवासी होता. त्या काळी गोऱ्या माणसाने एतद्देशीयाशी बरोबरीने बोलावे, ही सामान्य गोष्ट नव्हती. या गृहस्थाने मात्र टिळकांस आदराने जवळ बसविले, संस्कृत काव्यावर चर्चा केली, धर्मावर बोलणे काढले आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले, असे सांगतात. टिळकांना ते भाकीत अर्थातच हास्यास्पद वाटले. त्या गृहस्थाचे नाव त्यांना पुढेही कधी कळले नाही. पण पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते, आणि दिलेले वचन पाळणे हा त्यांचा स्वभाव होता.

डोंगरावरील प्रवचन

वाचीत वाचीत ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या, सहाव्या व सातव्या अध्यायांपाशी आले. ख्रिस्ताने डोंगरावर बसून केलेला उपदेश तो हाच. जे दीन आहेत, जे शोक करतात, जे दया करतात तेच धन्य होत. शत्रूवरही प्रीती करावी. दान करावे ते डाव्या हाताला कळू न देता. दुसऱ्याचा न्याय करण्यास धावू नये. आणि ऐकून तसे न वागणारा माणूस वाळूवर घर बांधणाऱ्यासारखा होय, असा त्या उपदेशाचा आशय आहे. आपण ज्या धर्माचा शोध करीत होतो तो येथे आधीच सांगून ठेवलेला आहे, असे टिळकांना वाटले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टिळक एका रात्रीत ख्रिस्ती झाले नाहीत. वर्षाहून अधिक काळ त्यांनी वाचन, मनन, प्रार्थना व मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. एकीकडे अंतःकरण ओढीत होते, दुसरीकडे पत्नी, लहानगा मुलगा दत्तू, आप्तेष्ट व ज्ञाती ही सारी पाय धरून उभी होती. धनाचा मोह म्हणावा, तर उलट होता तो आश्रयही सुटण्याची वेळ आली. मानाचा मोह म्हणावा, तर होता तो मानही जाणार होता. अखेर वाचलेल्या शब्दाप्रमाणे वागले नाही तर आपलेही घर वाळूवरचेच ठरेल, या जाणिवेने त्यांचा निश्चय झाला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

चरित्रनायकाचा दोष झाकणे हे चरित्रकाराचे काम नव्हे. इतका मोठा निर्णय टिळकांनी पत्नीला विश्वासात न घेता घेतला. त्या साध्वीच्या पायाखालची जमीन एका बातमीने सरकली. जिवंत पतीची पत्नी असून तिच्या वाट्यास विधवेसारखी स्थिती आली. विवेकाचा आवाज ऐकणाऱ्याने शेजारी बसलेल्या माणसाचे रडणेही ऐकले पाहिजे, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

लक्ष्मीबाईंचा स्वतंत्र प्रवास

यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई मुलास घेऊन पंढरपूर वगैरे ठिकाणी आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. टिळकांनी दुसरा विवाह केला नाही व पत्नीची वाट पाहणे सोडले नाही. शेवटी लक्ष्मीबाई परत आल्या, पण धर्म सोडून नव्हे. त्यांचे सोवळे वेगळे, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांच्यावर कसलीही सक्ती केली नाही. स्वतःसाठी जे स्वातंत्र्य घेतले तेच त्यांनी पत्नीला दिले, आणि पूर्वीच्या चुकीचे परिमार्जन त्यांनी याच मार्गाने केले, असे आम्ही समजतो.

लक्ष्मीबाईंनीही कोणाच्या सांगण्यावरून काही केले नाही. जातीचे भेद देवाने केले की माणसाने, याचा त्यांनी स्वतःच्या मनाशी विचार केला. भेद माणसानेच केले असा कौल मनाने दिला, तेव्हा प्रथम त्यांनी सोवळे टाकले. धर्माचा निर्णय त्यानंतरचा. सन 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या बाईला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही, तिने लिहिलेली 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1937 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली व मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली गेली. दुःखाची कहाणी हसत हसत सांगावी कशी, हे त्या ग्रंथावरून शिकावे. आपल्या घरातील लेकीसुनांनी तो अवश्य वाचावा.

नगर ते सातारा

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे बहुतेक आयुष्य अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत गेले. सन 1904 मध्ये त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. 1842 पासून निघत असलेल्या 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादन 1912 पासून त्यांच्याकडे होते. प्लेगच्या काळात पतिपत्नींनी रोग्यांची शुश्रूषा केली. घर तर अनाथ मुलांचे व विद्यार्थ्यांचे आश्रयस्थानच झाले होते. सन 1907 च्या जळगाव येथील कविसंमेलनात ज्या कोवळ्या मुलाने सर्वांस थक्क केले, तो त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांच्याच घरी नगरास येऊन राहिला व मुलासारखा वाढला. स्वतः टिळकांस महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतो.

ख्रिस्ती झाले म्हणून टिळक परदेशी झाले नाहीत. धर्म बदलला तरी देश बदलत नाही, भाषा बदलत नाही, हे त्यांचे मत ठाम होते. विलायती चालींवरची भाषांतरित गीते त्यांच्या कानास रुचेनात. म्हणून त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांतून ख्रिस्ताचे गुणगान केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. 'अभंगांजली' हा त्या भावनेचा प्रसाद होय. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या संग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

सन 1917 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी आणखी एक निर्णय घेतला. मिशनच्या सेवेतून ते मुक्त झाले, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांचे हे बंधुमंडळ. एकदा ज्ञाती सुटली होती. आता आश्रयाची दुसरी भिंतही त्यांनी आपण होऊन सोडली. 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

आमचे उत्तर

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो. आमच्या ज्ञातीतील एका घरचा मुलगा परगावी शिकावयास गेला व तेथे त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पंचांची बैठक बसली. घराशी रोटीबेटीचा, पाण्याचा व अग्नीचा व्यवहार बंद करण्याचे ठरले. ठराव कोणी लिहावा? अक्षर चांगले म्हणून वही आमच्या पुढे सरकविण्यात आली, आणि आम्ही ती लिहिली. एक शब्दही चुकला नाही. त्या वेळी आम्ही शाळेत मुलांस टिळकांची कविता शिकवीत होतो, हे सांगावयास आज लाज वाटते.

मुलगा दूर होता. शिक्षा भोगली ती त्याच्या आईने. ती धर्म सोडून कोठेही गेली नव्हती. तिच्या अंगणात तुळस होती. तरी हळदीकुंकवाचे बोलावणे तिच्या दारी थांबले. पुढे 22 एप्रिल 1988 रोजी गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली व यथाकाल नदीकाठची गावे उठली. नव्या वसाहतीत प्रत्येकजण आपल्या माणसांच्या शेजारचा भूखंड मिळावा म्हणून खटपट करीत होता. त्या माउलीने मात्र कोणाच्या शेजाराची मागणी केली नाही. ती गेली तेव्हा खांदा देण्यास चार माणसे जमविताना सायंकाळ झाली. त्या चारांत आम्ही होतो, पण तेवढ्याने वहीतील अक्षर पुसले जात नाही.

आज कायदा बदलला आहे. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य प्रत्येकास दिलेलेच आहे. शिवाय महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला व तो 2017 पासून अंमलात आला. तेव्हा तसा ठराव लिहिणे हा आता गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या भयाने बंद झालेला बहिष्कार मनातून गेलाच असे नाही. तो लग्नपत्रिकेच्या यादीत लपतो, वधूवर मेळाव्यात लपतो, आणि आपल्या या स्मरणिकेच्या कुटुंबसूचीतही लपतो. त्या घराचे नाव सूचीतून गळाले ते आजतागायत गळालेलेच आहे. यंदाच्या सूचीत ते पुन्हा घालावे, अशी लेखी विनंती आम्ही मंडळास केली आहे.

आम्ही स्वतः वारकरी घरात वाढलो व आमचा धर्म आम्हांस प्राणप्रिय आहे. कोणी धर्म सोडावा असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु उद्या आपल्यापैकी एखादा मुलगा वा मुलगी धर्मग्रंथ वाचून, विचार करून, अंतःकरणाच्या साक्षीने वेगळी वाट धरील, तेव्हा आपण काय करणार, याचा विचार आजच झाला पाहिजे. टिळकांच्या ज्ञातीने त्यांस दूर लोटले. ज्ञातीला त्यातून काय मिळाले, हे कोणी सांगू शकत नाही. महाराष्ट्राला मात्र त्यांच्यापासून व लक्ष्मीबाईंपासून काय मिळाले, हे सर्व जाणतात.

ज्ञाती हे घर आहे. घराला दार असावे. पण ते बाहेर गेलेल्याच्या पाठीमागे लावून घेण्यासाठी नसावे. टिळकांचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत का, याचे आमचे उत्तर एवढेच आहे. इत्यलम्.

— एक सेवानिवृत्त शिक्षक, गोसीखुर्द