आधी उडी, मग शब्द : खेळातून शिकवणाऱ्या ताराबाई मोडक

सोलापुरात पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड तर कुणाच्या उर्दू बोलतात. अशा वर्गात ‘जंप’चा अर्थ कोणत्या भाषेत सांगायचा? बाईंनी उडी मारून दाखवली, मुलांनी मारली, की प्रश्नच मिटतो.

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पण लहान मूल हातापायांनी शिकतं, हा विचार महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी रुजला होता. तो रुजवण्यात मोठा वाटा ताराबाई मोडक यांचा.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. पुढे संसार मोडला. पदरात मुलगी होती. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद मिळालं, पण ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या.

तिथे माँटेसरी पद्धत होती. त्यात शब्द तीन पायऱ्यांनी शिकवतात. आधी वस्तू दाखवून नाव सांगायचं. मग ‘लाल दे’, ‘निळा आण’ असं सांगून मुलाला उठवायचं, फिरवायचं. ‘हे काय?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी. म्हणजे मूल आधी कृती करतं, बोलतं नंतर. आज इंग्रजी शब्दांचे खेळ घेतानाही हाच क्रम उपयोगी पडतो.

१९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पण महागडी साधनं खेड्यात परवडणार कशी? म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. शंखशिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झालं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही भरली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

लहानपणीचं शिक्षण मातृभाषेतच व्हावं, हा ताराबाईंचा आग्रह होता. त्यामुळे ‘जंप’ शिकवताना मुलाच्या घरची ‘उडी’ पुसायची नाही, हेही त्यांच्याकडूनच शिकण्यासारखं.